ताऱ्यांमधील थंडी आणि रेणूंच्या टकरी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात नाशिक येथे दिलेल्या विज्ञान-व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा संस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला मोकळेपणाने विचारले, "साहेब, आकाशातले रेणू एकमेकांवर कसे आदळतात हे ऐकून आमच्या मुलांच्या पदरात काय पडणार?" प्रश्न रास्त आहे. मुलांच्या फीसाठी पदराला खार लावणारे पालक येथे बसले आहेत. त्यांना असा प्रश्न विचारण्याचा हक्कच आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर थोडे दूरवर चला.

प्रथम एका शब्दाबद्दल. विज्ञानाचे शब्द मराठीत कठीण आणि उर्दूत त्याहून कठीण, अशी आपल्या मुलांची तक्रार असते. आजचा मुख्य शब्द मात्र 'टक्कर' हा आहे. तो मराठी घरात आणि उर्दू घरात एकच आहे, आणि गोट्या किंवा कॅरम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक आहे.

जानेवारी महिन्यात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर उभे राहून डोक्यावर पाहा. कृत्तिकेचा झुबका दिसेल आणि त्याच्या मागोमाग तांबूस रंगाची रोहिणी दिसेल. जगभरचे ज्योतिर्विद रोहिणीला आज ज्या नावाने ओळखतात, ते अल्-दबरान हे नाव अरबी आहे. त्याचा अर्थ 'मागून येणारा', म्हणजे कृत्तिकेच्या मागून येणारा. इ. स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात देवयानी तारकासमूहातील एका अंधुक ढगासारख्या ठिपक्याची नोंद आहे. दुर्बीण नव्हती, परंतु त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पाहिले तेवढेच लिहून ठेवले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

रोहिणीच्या थोडे उत्तरेला आकाशाचा एक काळोखा भाग आहे. तेथे काही नाही असे डोळ्याला वाटते. प्रत्यक्षात तेथे वायूचा आणि धुळीचा एक प्रचंड ढग आहे. तो आपल्या मागचे तारे झाकून टाकतो म्हणून काळोख दिसतो. वृषभ राशीतील हा ढग आपल्यापासून सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षे दूर आहे. आज जे किरण तेथून आपल्याकडे पोचतात ते निघाले तेव्हा अहमदनगरला निजामशाही नांदत होती.

त्या ढगात थंडी किती? निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्या ढगाचे तापमान शून्याखाली २६३ अंश आहे. निसर्गात थंडीची शेवटची पायरी शून्याखाली सुमारे २७३ अंशांवर आहे. तेथून वर मोजलेल्या अंशांना केल्व्हिन म्हणतात. म्हणजे हा ढग जेमतेम १० केल्व्हिनवर आहे.

आणि विरळपणा किती? आपण ज्या हवेत बसलो आहोत तिच्या एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे बोराएवढ्या जागेत, २५ वर १८ शून्ये एवढे रेणू आहेत. त्या ढगात तेवढ्याच जागेत दहा हजार ते एक लाखाच्या आसपास. या सभागृहातला एक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्यावर आदळतो. तेथे एका टकरीनंतर दुसरी टक्कर व्हायला काही दिवस जावे लागतात.

आता तुम्ही दहावीत शिकलेले रसायनशास्त्र आठवा. तापमान वाढले की अभिक्रिया वेगाने होते आणि तापमान उतरले की मंदावते. रेणूला अभिक्रिया करावयाची तर वाटेत ऊर्जेची एक टेकडी ओलांडावी लागते, आणि थंड रेणूच्या अंगात ती चढण्याचे बळ नसते. दूध फ्रिजमध्ये नासत नाही ते याच कारणाने. या नियमाने पाहता १० केल्व्हिनच्या ढगात रसायनशास्त्र बंदच असावयास हवे. ताऱ्यांमधील जागेत फारसे रेणू असणार नाहीत, असे पूर्वी बहुतेकांना वाटे ते उगाच नव्हे.

पण आकाशाने वेगळीच साक्ष दिली. १९६८ साली रेडिओ दुर्बिणीला अवकाशात अमोनिया सापडला. १९६९ साली फॉर्माल्डिहाइड सापडले, ज्याच्या पाण्यातील द्रावणात महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागात बेडूक आणि मासे बरणीत ठेवलेले असतात. मग पाणी, मद्यार्क, सायनाइडच्या लांब साखळ्या, अशी यादी वाढतच गेली आणि आज ती तीनशेच्या पुढे गेली आहे. म्हणजे भट्टी बंद आहे असे पुस्तक सांगते, आणि भाकरी तर समोर ताटात आहे! यातले चुकले कोठे?

पहिले उत्तर १९७३ च्या सुमारास पुढे आले. एरिक हर्बस्ट आणि विल्यम क्लेम्परर यांनी असे मांडले की, ढगातील काही रेणूंवर विद्युतभार असतो. भारित रेणू शेजारच्या रेणूला दुरूनच ओढून घेतो. अशा टकरीत बहुधा टेकडी नसते, उतारच असतो. उतारावरून गडगडत जाणाऱ्या दगडाला थंडी काय करणार? या मांडणीत हायड्रोजनच्या तीन अणूंचा भारित रेणू मध्यवर्ती होता. १९९६ साली गेबाले आणि ओका यांना तो ताऱ्यांमधील ढगांत प्रत्यक्ष सापडला.

परंतु ज्यांच्यावर भार नाही अशा रेणूंचे काय? त्यांच्या टकरींचे आकडे खोलीच्या तापमानाला मोजलेले होते. १० केल्व्हिनचे आकडे मोजलेले नव्हते. तेव्हा आलेखावरची रेघ पट्टी लावून खाली वाढवायची आणि तेथे जो आकडा येईल तो घ्यायचा, असे चालले होते. यात कोणाची लबाडी नव्हती; मोजण्याची सोयच नव्हती.

सोय का नव्हती, तेही समजून घ्या. वायू एका भांड्यात भरला आणि भांडे अतिशय थंड केले, तर वायूचे रेणू भांड्याच्या भिंतीवर जाऊन गोठतात. टक्कर मोजायला आत काही उरतच नाही. तेव्हा भिंत नसलेले भांडे पाहिजे! ही अडचण १९८० च्या दशकात बर्त्राँ रोव या फ्रेंच शास्त्रज्ञाने सोडवली. त्यांनी वायू एका विशिष्ट आकाराच्या तोटीतून निर्वात जागेत सोडला. ही तोटी मध्ये चिंचोळी होते आणि पुढे बेताने फाकते. तिच्यातून वायू ध्वनीपेक्षा अधिक वेगाने, एकसारख्या धारेने बाहेर पडतो.

धार इतकी वेगवान, मग ती थंड कशी? ईदच्या नमाजनंतर ईदगाह मैदानावरची गर्दी आठवा. मैदानात जो तो वेगवेगळ्या दिशेने वळतो, गळाभेटी चालतात, धक्के लागतात. तीच माणसे रस्त्याला लागून एका दिशेने, एका चालीने जाऊ लागली म्हणजे सगळे चालत असूनही शेजाऱ्याचा धक्का लागत नाही. रेणूंची 'उष्णता' म्हणजे त्यांची आपापसांतली धक्काबुक्की, पुढे जाण्याचा वेग नव्हे. तोटीतून निघालेल्या धारेत सगळे रेणू एका चालीने जातात, म्हणून ती धार आतून दहा-पंधरा केल्व्हिनपर्यंत थंड असते. आणि तिला भिंत नसते.

रोव यांनी आरंभी भारित रेणूंच्या टकरी मोजल्या. पुढे त्यांनी आणि बर्मिंगहॅमच्या इयन स्मिथ व इयन सिम्स यांनी भार नसलेल्या रेणूंकडे मोर्चा वळवला. कार्बन आणि नायट्रोजन यांचा सायनो हा जोड-रेणू त्यांनी अॅसिटिलीनसारख्या वायूंवर आदळू दिला. अॅसिटिलीन म्हणजे वेल्डिंगच्या दुकानातला वायू. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दिसले की, तापमान २५ केल्व्हिनपर्यंत उतरले तरी ही अभिक्रिया मंदावत नाही, उलट अधिक वेगाने होते. या टकरीतून जो रेणू बनतो तो वृषभ राशीतल्या आपल्या त्या काळोख्या ढगात भरपूर आहे.

याच पद्धतीचे एक ताजे फळ सांगतो. बेन्झीन हा रेणू रेडिओ दुर्बिणीला दिसत नाही, कारण त्याच्या घडणीत विद्युतभार दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला असतो. पण सायनो जोडीने बेन्झीनवर आदळून तयार झालेला बेन्झोनायट्राइल दिसतो, आणि तो २०१८ साली याच ढगात सापडला. जो दिसतो त्याच्यावरून जो दिसत नाही त्याचा अंदाज करावयाचा, तर त्यांच्यामधली टक्कर थंडीत किती वेगाने होते ते ठाऊक पाहिजे. २०२० साली ती १५ केल्व्हिनपर्यंत मोजली गेली आणि थंडीतही ती वेगवान निघाली.

सर्वांत नवलाची गोष्ट २०१३ सालची आहे. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात हायड्रॉक्सिल आणि मेथॅनॉल यांची टक्कर मोजण्यात आली. येथे तर मध्ये टेकडी आहे हे ठाऊक होते. म्हणजे थंडीत अभिक्रिया जवळजवळ बंद पडावयास हवी. प्रत्यक्षात २०० केल्व्हिनच्या मानाने ६३ केल्व्हिनला ती जवळजवळ शंभर पट वेगाने झाली!

असे का व्हावे? मुंबईहून येताना आपली गाडी कसारा घाटात डोंगराच्या माथ्यावरून जात नाही, बोगद्यातून येते. सूक्ष्म कणांच्या जगात असा एक नियम आहे की, टेकडी चढण्याचे बळ नसले तरी कण क्वचित टेकडीच्या आरपार निघून जातो. तेथे खोदलेला बोगदा नसतो, पण आरपार जाण्याची थोडी शक्यता असते. शक्यता थोडी, म्हणून वेळ भरपूर लागतो. उन्हाळ्यात हे दोन रेणू भेटतात आणि क्षणात दूर होतात. थंडीत मात्र ते एकमेकांना सैलसर धरून टेकडीच्या पायथ्याशी बराच वेळ रेंगाळतात, आणि तेवढ्या अवधीत हायड्रोजनचा कण पलीकडे निसटतो. या टकरीतून बनणारा मेथॉक्सी हा रेणू अवकाशात सापडल्याचे २०१२ सालीच प्रसिद्ध झाले होते. तो आला कोठून याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले.

असाच प्रकार विश्वातल्या पहिल्या रेणूचा. हीलियम आणि हायड्रोजन यांचा हा भारित रेणू प्रयोगशाळेत १९२५ पासून ठाऊक होता. अवकाशात तो सापडल्याची वार्ता २०१९ साली आली. जर्मनीत हायडेलबर्ग येथे भारित रेणूंना थंडीत गोल फिरत ठेवणारे एक वर्तुळाकार यंत्र आहे, त्याचा घेर ३५ मीटर आहे. तेथे हा रेणू जड हायड्रोजनच्या अणूंवर आदळविला. आधीचे गणित सांगत होते की, थंडीत ही अभिक्रिया मंदावेल. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात ती मंदावली नाही.

मित्रहो, याचा अर्थ थंडीत सगळेच वेगाने होते असा करू नका. पुष्कळ अभिक्रिया थंडीत खरोखरच बंद पडतात. अर्थ इतकाच की, कोणती बंद पडते आणि कोणती वाढते हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

हे सारे परदेशातले झाले, असे तुम्ही म्हणाल. तर आता आपल्याकडे येऊ. डॉ. सादिक रंगवाला हे शास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना, इलेक्ट्रॉन ओझोनच्या रेणूवर आदळला म्हणजे काय होते, यावर काम करीत होते. पुढे जर्मनीत म्यूनिकजवळच्या गार्चिंग येथे त्यांनी सहकाऱ्यांसह थंड रेणू मिळवण्याची एक साधी युक्ती करून दाखवली. ते काम २००३ साली प्रसिद्ध झाले. कोणत्याही वायूत बहुतेक रेणू वेगाने धावत असतात, पण काही थोडे मुळातच मंद असतात. चार विद्युतभारित दांड्यांमधून रेणूंची वाट करायची आणि तिला एक वळण द्यायचे. घाटातल्या वळणावर भरधाव गाडी बाहेर फेकली जाते, सावकाश चालवणारा वळण घेऊन सुखरूप पुढे जातो. तसेच येथे होते. पलीकडच्या टोकाला काही थोड्या केल्व्हिनचे रेणू मिळतात. त्यांनी यासाठी वापरलेले रेणू म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि जड हायड्रोजनचा अमोनिया. त्या काळोख्या ढगांतले पहिले साक्षीदार हेच!

नंतर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी व सहकाऱ्यांनी भारित आणि साध्या रुबिडियम अणूंच्या टकरी अभ्यासल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात असे दिसले की, वेगवान भारित अणू थंड अणूकडून एक इलेक्ट्रॉन घेतो आणि भारमुक्त होऊन निघून जातो. मागे राहतो तो भारित झालेला, पण मंद अणू. एका देवाणघेवाणीत काम झाले. डोक्यावरचा बोजा धावणाऱ्याने उभ्या माणसाकडे द्यावा, तसे.

आपल्या मराठवाड्यातही या विषयाचा धागा आहे. फॉर्माल्डिहाइडची एक गंमत अशी की, अवकाशभर जे २.७ केल्व्हिनचे मंद प्रारण पसरले आहे त्यातलाही अंश हा रेणू शोषून घेतो. म्हणजे एका अर्थाने तो त्याहूनही थंड झालेला असतो. त्याला असे थंड करतात त्या हायड्रोजनच्या टकरी. इतर रेणूंत असेच असाधारण शोषण होईल काय, याची गणिते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात सुरेश चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. अशा गणितांत टकरींचे दर लागतात, आणि जेथे मोजलेले दर नाहीत तेथे ते हिशेबाने ठरवून घ्यावे लागतात.

आणि आपल्या पुणे रस्त्यावर नारायणगावहून आत वळले की खोडद आहे. तेथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. हायड्रोजनच्या अणूची २१ सेंटिमीटरची लहर ती टिपते. एकटा अणू स्वतःहून ही लहर सोडायला सरासरी एक कोटी वर्षे घेतो. त्याआधीच दुसरे अणू त्याच्यावर आदळून त्याची स्थिती पुन्हा पुन्हा बदलतात. म्हणून दाट थंड वायूतून आलेली ती लहर त्या वायूचे तापमान सांगू शकते. खोडदच्या तबकडीत जे उतरते त्याचा अर्थ लावायचा तर टकरींचा हिशेब यावा लागतो.

शेवटी एक गोष्ट. तारा जन्मतो तो अशाच ढगातून. ढग आपल्या वजनाने आत कोसळू लागला की तापतो. तापला की फुगू पाहतो आणि कोसळणे थांबते. मग तारा होतो कसा? हायड्रोजनचा रेणू कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूवर आदळतो, तो गिरकी घेऊ लागतो, आणि ती ऊर्जा किरणाच्या रूपाने बाहेर टाकून पुन्हा शांत होतो. टकरीमागून टकरी होऊन ढगातली उष्णता अशी बाहेर जाते आणि ढग आकसत राहतो. आपला सूर्यही अशाच एका ढगातून झाला आहे.

आता ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाकडे येतो. मुलांच्या पदरात काय पडणार?

मी अकरावीत असताना लंबकाचा प्रयोग होता. लंबकाचे झोके मोजून पृथ्वीच्या गुरुत्वाचा आकडा काढावयाचा. माझा आकडा ९३१ आला. पुस्तकातला आकडा ९८० च्या आसपासचा. शेजारच्या मुलाने मला गेल्या वर्षाचे जर्नल दिले. मी त्यातली निरीक्षणे उतरवली, ९७९ असा आकडा लिहिला आणि मला दहापैकी नऊ गुण मिळाले. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, मी दोरीची लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजली होती. ती मध्यापर्यंत मोजावयाची असते. ९३१ हा आकडा मला माझी चूक सांगत होता. ९७९ ने मला काहीच सांगितले नाही.

थंड टकरींच्या कथेतही वर्षानुवर्षे हेच झाले होते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी रेघ वाढवून आकडे घेतले होते. ज्या दिवशी कोणीतरी तोटी तयार करून प्रत्यक्ष मोजले, त्या दिवशी आकाश उलगडू लागले. अल्-सूफींनी हजार वर्षांपूर्वी जे केले तेच हे. पाहिले तेवढे लिहिले.

आज शाळाशाळांतून प्रयोगशाळेच्या कपाटांना कुलपे असतात, कारण काच फुटेल अशी भीती असते. आणि जर्नले मात्र सुंदर अक्षरांत पूर्ण झालेली असतात. म्हणून माझे संस्थाचालकांकडे एकच मागणे आहे. नवी इमारत सावकाश होऊ द्या. त्याआधी प्रयोगशाळेचे कपाट उघडा, चार काचा फुटू द्या, आणि प्रत्येक मुलामुलीला वर्षातून निदान काही निरीक्षणे स्वतःच्या हाताने घेऊ द्या. शिक्षकांना विनंती अशी की, चुकीचा आकडा प्रामाणिकपणे लिहून त्याचे कारण शोधणाऱ्याला बरोबर आकडा उतरवणाऱ्यापेक्षा अधिक गुण द्या.

पालकहो, तुमच्या मुलांपैकी एखादाच कदाचित रेणूंच्या टकरी मोजायला जाईल. पण स्वतः मोजून पाहण्याची सवय लागलेली मुलगी उद्या दवाखान्यात औषधाची मात्रा देताना, यंत्रमागावर हिशेब ठेवताना, किंवा कानावर आलेली अफवा पुढे सांगण्यापूर्वी क्षणभर थांबेल. आज तिच्या पदरात पडेल ते हे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, जानेवारीत गच्चीवर जाल तेव्हा रोहिणीच्या वरचा तो काळोख विसरू नका. तेथे काही नाही असे सगळ्यांना वाटत होते.